गोमंतकीय परसबागेतील सुगंधी गुलाबी फ्लोरिबंडा

कार्तिक महिना लागला की गोव्यातील बाजारपेठांतून गुलाबाची कलमे विक्रीस येऊ लागतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, शहरांतील रस्त्यांच्या कडेला, जत्रांच्या पेठेत काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतील ही रोपे ओळीने मांडलेली दिसतात. प्रत्येकीवर एखाद-दुसरे टपोरे फूल असते आणि त्या फुलाकडे पाहूनच बहुधा खरेदी होते. घरी आणलेले झाड नाताळपर्यंत फुलते, शिमग्यापर्यंत टिकते, मे महिन्यात कसेबसे तग धरते. आणि चतुर्थीच्या सुमारास पाहावे तो काळी पडलेली एक काटकी तेवढी कुंडीत उभी असते. पुढल्या कार्तिकात पुन्हा नवे कलम. अनेक घरांतून हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला असून, त्यातूनच ‘गोव्याच्या मातीला गुलाब मानवत नाही’ अशी समजूत रूढ झाली आहे.

ही समजूत फार तर अर्धी खरी आहे. दोष मातीकडे थोडा आणि पावसाकडे पुष्कळ आहे. त्यातही, पावसाकडून होणारी हानी टाळता येण्यासारखी आहे. मात्र त्यासाठी झाडाची निवड, लागवडीची वेळ आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील निगा या तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. ठेंगणा, दाट वाढीचा, गुलाबी रंगाचा व सुगंधी फ्लोरिबंडा गुलाब घरच्या परसात कसा राखता येईल, याची माहिती येथे देण्याचा हेतू आहे.

आरंभी एक अनुभव नमूद करणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या आवारात वनमहोत्सवाच्या आठवड्यात गुलाबाची चोवीस कलमे समारंभपूर्वक लावण्यात आली. प्रसिद्धीचे काम प्रस्तुत लेखकाकडे असल्याने छायाचित्रासह वृत्त तयार करण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच होती. छायाचित्र सुरेख आले. दिवाळीनंतर त्याच आवारात जाण्याचा योग आला तेव्हा चोवीसांपैकी पाच झाडे उरली होती. खत कमी पडले असावे, असा अभिप्राय आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने व्यक्त केला. तेथील वयस्क माळी एवढेच म्हणाला, “साहेब, झाड तहानेने मरते तसे बुडूनही मरते.” मग त्याने ती पाच झाडे दाखविली. पाचही झाडे पायऱ्यांलगतच्या चिऱ्यांच्या कठड्याजवळ होती. तेथे बांधकामाच्या वेळची खडी आणि चिऱ्यांचे तुकडे खाली भरलेले होते आणि जमीन हातभर उंच होती. उरलेली एकोणीस झाडे सपाट जागेत, खड्ड्यांत लावलेली होती. ऐन जुलैत प्रत्येक खड्डा म्हणजे पाण्याची घागर झाली होती.

त्या दिवसापासून खताच्या पोत्याऐवजी पाण्याच्या वाटेकडे प्रथम पाहण्याची सवय आम्हांस लागली. पुढील विवेचनातही तोच क्रम ठेवला आहे.

फ्लोरिबंडा म्हणजे काय

आपल्या बागांतून आधुनिक गुलाबाचे दोन मोठे वर्ग आढळतात. लांब दांड्यावर एकच मोठे, टोकदार कळीचे फूल देणारा तो ‘हायब्रिड टी’. स्वागतसमारंभात पाहुण्याच्या हाती दिला जातो तो बहुधा याच वर्गातील. दुसरा वर्ग ‘फ्लोरिबंडा’. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पुष्कळ फुलणारा’ असा आहे. याची फुले तुलनेने लहान असतात, पण ती एकेकटी न येता झुबक्याने येतात. मधली कळी आधी उमलते, मग भोवतीच्या कळ्या एकामागून एक उमलत जातात. त्यामुळे एक झुबका पुष्कळ दिवस झाडाला शोभा देतो. झाड सामान्यतः कमरेच्या आतच राहते. त्यातील ठेंगण्या जाती दोन फुटांच्या आसपास थांबतात व त्यांना आधाराची काठी लागत नाही.

या वर्गाचा उगम डेन्मार्कमध्ये झाला. तेथील कडाक्याच्या थंडीत हायब्रिड टी जातीची झाडे टिकत नसत. म्हणून पौलसेन नावाच्या रोपवाटिकाकारांच्या कुटुंबाने पॉलिअँथा हा लहान फुलांचे घोस देणारा काटक गुलाब आणि हायब्रिड टी यांचा संकर करण्यास आरंभ केला. १९११ साली त्यांचे पहिले वाण आले. १९२४ साली आलेल्या ‘एल्स पौलसेन’ आणि ‘कर्स्टन पौलसेन’ या भगिनी-वाणांनी युरोपातील बागांचे रूप पालटले. यातील पहिले गुलाबी व दुसरे लाल होते. ‘फ्लोरिबंडा’ हे नाव पुढे अमेरिकेत रूढ झाले.

थंडीसाठी घडविलेल्या झाडाचा गोव्यातील पावसाळ्यात काय उपयोग, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. उपयोग त्याच्या काटकपणाचा आहे. एक फांदी गेली तर हे झाड बुंध्यापासून दोन नव्या फांद्या काढते. पानगळ झाली तरी ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा पालवते. एखाद-दुसऱ्या डौलदार फांदीवर सारी भिस्त ठेवणाऱ्या हायब्रिड टीला हे सहसा साधत नाही. हायब्रिड टीचे फूल अधिक देखणे असते, हे मान्य करूनही पहिल्यांदाच गुलाब लावणाऱ्याने फ्लोरिबंडापासून आरंभ करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भारतातही या वर्गावर मोठे काम झाले आहे. गव्हाच्या संशोधनासाठी विख्यात असलेले आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे गुलाबाचेही थोर पैदासकार होते. १९६२ सालचा त्यांचा ‘रोझ शरबत’ हा गडद गुलाबी वाण सुगंधासाठी नावाजला गेला. त्याच्या पुढच्या वर्षी आलेला ‘दिल्ली प्रिन्सेस’ हा गुलाबी फ्लोरिबंडाही त्यांचाच. ही नावे आज प्रत्येक रोपवाटिकेत मिळतीलच असे नाही. रस्त्याकडेला विकल्या जाणाऱ्या कलमांना तर बहुधा नावच नसते. म्हणून नावापेक्षा लक्षणे पाहून निवड करणे अधिक व्यवहार्य होय.

निवड करताना

फुलाचा रंग डोळ्यांना दिसतो, गंध दिसत नाही. सगळेच गुलाब सुगंधी असतात ही समजूत चुकीची आहे. फ्लोरिबंडाच्या आरंभीच्या पैदाशीत काटकपणा आणि फुलांची संख्या यांवर भर दिला गेला आणि सुगंधाकडे दुर्लक्ष झाले. गुलाबाच्या पाकळ्यांत तयार होणारी बाष्पनशील द्रव्ये हवेत मिसळतात, तोच आपल्याला येणारा वास. २०१५ साली फ्रान्समधील संशोधकांनी सुगंधी आणि गंधहीन अशा दोन वाणांची तुलना करून दाखविले की, सुगंधातील जिरॅनिऑल हा महत्त्वाचा घटक तयार होण्यामागे पाकळ्यांतील एक विशिष्ट विकर असते आणि गंधहीन वाणात ते जवळजवळ निष्क्रिय असते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जी क्षमता वाणातच नाही ती कोणत्याही खताने आणता येत नाही. ‘अमुक खत घाला, वास वाढेल’ असे कोणी सांगितल्यास त्यावर पैसे खर्च करू नयेत.

तेव्हा गुलाबाची खरेदी सकाळी करावी. आठ-नऊच्या सुमारास, ऊन तापण्यापूर्वी, अर्धवट उमललेले फूल हुंगून पाहावे. दुपारच्या उन्हात चांगल्या फुलाचाही वास विरळ होतो, तर पूर्ण उमलून पाकळ्या सैल झालेल्या फुलाचा गंध बराचसा उडून गेलेला असतो. त्याच जातीच्या दुसऱ्या रोपावरील फूलही हुंगावे, म्हणजे खात्री पटते. रोपवाल्याच्या कपाळावर आठ्या पडल्या तरी संकोच करू नये.

दुसरे लक्षण पाकळ्यांचे. पंचवीस-तीस पाकळ्यांचे फूल आपल्याकडे व्यवस्थित उमलते. पन्नास-साठ पाकळ्यांचे गच्च फूल दमट हवेत अर्धवट उमलून तपकिरी गोळा होऊन बसते. तिसरे लक्षण पानांचे. जाड, चकाकणारी, गडद पाने पाण्याला आणि रोगाला अधिक दाद देत नाहीत. मऊ, फिकट व मोठी पाने दिसावयास सुंदर असतात, परंतु पहिल्या पावसात काळवंडतात. गुलाबी रंगाचाही एक लाभ आहे. काळसर लाल पाकळ्या एप्रिलच्या उन्हात कडांना करपतात. गुलाबी फूल फार तर थोडे फिके पडते.

शेवटी फुलावरची नजर काढून बुंध्याकडे पाहावे. डोळा भरलेल्या जागेची गाठ घट्ट व निरोगी असावी, तिच्या वर किमान दोन-तीन फांद्या असाव्यात आणि पिशवीच्या तळाशी पांढरी मुळे दिसावीत. एका फांदीवर एक मोठे फूल मिरविणारे रोप घेण्यापेक्षा चार फांद्यांचे बिनफुलाचे रोप घेणे शहाणपणाचे ठरते. मात्र त्याच जातीचे फूल आपण हुंगलेले असावे.

जागा, माती आणि लागवड

लागवडीचा काळ पाऊस पूर्ण ओसरल्यानंतरचा, म्हणजे ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंतचा. जूनमध्ये सर्व झाडे लावावयाची हा आपला पूर्वापार संकेत आंबा, काजू, माड यांसाठी योग्य आहे. गुलाबासाठी तो घातक ठरतो. नोव्हेंबरात लावलेल्या झाडाला मुळे धरण्यास सहा-सात महिने मिळतात आणि पावसाळा सुरू होतो तेव्हा ते बाळसे धरलेले असते.

गुलाबाला दिवसातून पाच-सहा तास ऊन हवे, आणि ते सकाळचे असल्यास उत्तम. रात्रीचे दव त्यामुळे लवकर वाळते. गोव्यातील घरांभोवती माड, फणस, आंबा यांची सावली असते आणि त्यांची मुळे दूरवर पसरलेली असतात. अशा ठिकाणी जमिनीपेक्षा कुंडीच बरी. बारा इंची मातीची कुंडी घ्यावी, तळाच्या छिद्रावर फुटक्या कौलाचे तुकडे पालथे ठेवावेत आणि कुंडी थेट जमिनीवर न ठेवता दोन चिऱ्यांवर ठेवावी. छिद्रातून निघालेले पाणी वाहून गेले पाहिजे.

जमिनीत लावावयाचे असल्यास खड्डा पुरेसा नाही, उंचवटा हवा. अंगणाच्या पातळीपासून निदान एक फूट उंच असा ओटा चिरे लावून तयार करावा. सांध्यांना सिमेंट भरू नये, म्हणजे पाणी झिरपून जाईल. तळाशी खडी किंवा चिऱ्यांच्या ठिकऱ्या घालाव्यात. वर तांबडी माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि जाड वाळू समप्रमाणात मिसळून भरावी. वाळू नदीची असावी; समुद्राची खारी वाळू कटाक्षाने टाळावी. प्रत्येक झाडासाठी दोन मुठी कडुनिंबाची पेंड आणि एक मूठ हाडांचा चुरा पुरे. शेणखत कच्चे असल्यास त्याबरोबर वाळवी येते.

आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते. गुलाबाला किंचित आम्लधर्मी माती चालते, फार आम्लधर्मी चालत नाही. म्हणून लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे मातीत मूठभर विरलेला चुना मिसळावा. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नये. खतातील नत्राचा अंश त्यामुळे वायुरूपाने उडून जातो. शक्य असल्यास आपल्या तालुक्यातील विभागीय कृषी कार्यालयात माती तपासणीबाबत चौकशी करावी. चुन्याचे प्रमाण नेमके ठरविण्याचा तोच खात्रीचा मार्ग होय.

येथे एका जुन्या सवयीबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. माडाला मीठ आणि सुकी मासळी घालण्याची प्रथा गोव्यात व कोकणात आहे. माडाला मीठ सोसते, म्हणून घरातील वडील मंडळी तेच खत प्रेमाने गुलाबालाही घालतात. गुलाब क्षारांच्या बाबतीत फार हळवा आहे. पानांच्या कडा करपणे हे त्याचे पहिले चिन्ह. किनाऱ्याजवळच्या गावांतून एप्रिल-मे महिन्यांत विहिरींचे पाणी मचूळ होते. तेवढे दिवस तरी गुलाबाला नळाचे पाणी द्यावे.

झाडे परस्परांपासून दीड ते दोन फुटांवर असावीत. डोळा भरल्याची गाठ मातीच्या वर दोन बोटे राहील अशा बेताने लावावे. गाठीच्या खालून येणारी फूट मूळ खुंटाची असते. ती जोमाने वाढते आणि कलमाला उपाशी ठेवते. ‘सात पानांची ती रानटी, पाच पानांची ती खरी’ हा ऐकीव नियम भरवशाचा नाही, कारण चांगल्या वाणांनाही कित्येकदा सात पर्णिका येतात. माती उकरून फूट कोठून निघाली ते पाहावे. गाठीच्या खालची असेल तर कापण्याऐवजी मुळाशी धरून ओढून काढावी.

छाटणी आणि फुलांचा हिशेब

छाटणी वर्षातून एकदा, पाऊस थांबल्यावर. वाळलेल्या व पेन्सिलीहून पुष्कळ बारीक फांद्या बुडाशी काढून टाकाव्यात, चार-सहा जोमदार फांद्या राखाव्यात आणि त्या दीड फुटाच्या सुमारास कापाव्यात. फ्लोरिबंडाची छाटणी हायब्रिड टीइतकी खोल करू नये. काप बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरपा घ्यावा. कापलेल्या जागी गाभा पांढरा-हिरवा दिसला पाहिजे. तो तपकिरी दिसल्यास आणखी खाली कापावे, कारण रोग तेथपर्यंत उतरलेला आहे. प्रत्येक मोठ्या कापावर बोर्डो मलम लावावे. पहिल्याच वर्षीच्या कलमाची छाटणी नावापुरती असावी.

छाटणीपासून साधारण सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस दिवसांनी बहर येतो. हवामानाप्रमाणे चार-सहा दिवस इकडेतिकडे होतात. हा हिशेब शाळांना विशेष उपयोगी आहे. १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनी बाग फुललेली असावी असे वाटत असेल तर छाटणी २ नोव्हेंबरच्या सुमारास करावी, आणि प्रजासत्ताकदिनासाठी १० डिसेंबरच्या सुमारास. दोन्ही दिवशी फुले हवी असल्यास निम्मी झाडे एका तारखेस व निम्मी दुसऱ्या तारखेस छाटावीत. एका शिक्षिकेने पाचवीच्या मुलांकडून प्रत्येक झाडाच्या छाटणीची तारीख पाटीवर लिहवून घेतली आणि पहिले फूल उमलण्यापर्यंतचे दिवस मोजावयास लावले. मुलांना गणित आवडले की नाही ते कळले नाही, परंतु कळ्या मात्र त्यांनी तोडल्या नाहीत.

झुबका संपला की सुकलेल्या फुलांसह खालच्या पहिल्या सुदृढ पानाच्या वर कापावे, म्हणजे दीड-दोन महिन्यांत पुन्हा बहर येतो. अशा रीतीने शिमग्यापर्यंत दोन-तीन बहर मिळतात. केसांत माळावयास एकच फूल हवे असेल तर झुबक्यातील उमललेले फूल तेवढे देठासह खुडावे, बाकीच्या कळ्या झाडावर राहतात. हायब्रिड टीचे जड फूल आबोलीच्या वळेसराशेजारी विजोड दिसते. फ्लोरिबंडाचे फूल तेथे शोभते.

नोव्हेंबर ते मार्च या काळात दर पंधरा दिवसांनी शेण पाण्यात आठवडाभर कुजवून, चहाच्या रंगाइतके पातळ करून तांब्याभर द्यावे. रासायनिक मिश्रखत द्यावयाचेच असेल तर महिन्यातून एकदा चहाचा एक चमचा, बुंध्यापासून वीतभर दूर, ओल्या मातीत मिसळून द्यावे. युरियाचा मोह टाळावा. त्याने लुसलुशीत पाने येतात व थंडीच्या दिवसांत त्यांवर भुरी पडते. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे. उन्हाळ्यात माडाची सोडणे किंवा पातेरा बुंध्याभोवती पसरला म्हणजे ओल टिकते.

चार महिने पावसाचे

आता मुख्य विषय. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात गुलाबावर दोन बाजूंनी आघात होतो, आणि ते दोन्ही समजून घेतल्याशिवाय उपाय योग्य जागी पडत नाही.

पहिला आघात मुळांवर. मुळांनाही श्वासोच्छ्वासासाठी हवा लागते. मातीतील सारी पोकळी पाण्याने भरली म्हणजे हवा बाहेर ढकलली जाते, बारीक मुळे कुजतात आणि पाण्यात उभे असलेले झाड पाणी शोषून घेऊ शकत नाही. पाने पिवळी पडतात. नेमके हेच लक्षण उपासमारीचे समजून पुष्कळजण भर पावसात खत घालतात. कुजलेल्या मुळांवर खताचा मारा म्हणजे आजाऱ्यास पंचपक्वान्नाचे जेवण. मेअखेरपासून सप्टेंबर संपेपर्यंत गुलाबाला कसलेही खत देऊ नये.

दुसरा आघात पानांवर. ‘काळा ठिपका’ या बुरशीजन्य रोगाचे बीजाणू पान सलग सात-आठ तास ओले राहिले म्हणजे रुजतात. जुलैत आपल्याकडे पान दिवसेंदिवस वाळत नाही. ठिपक्यांची पाने गळतात, झाड साठविलेल्या अन्नावर पुन्हा पालवते, ती पालवीही गळते. अशा दोन-तीन फेऱ्यांत झाड निःसत्त्व होते आणि मग ‘मर’ रोग फांदीच्या टोकाकडून काळा पडत खाली उतरतो. चतुर्थीच्या सुमारास दिसणारी ती काळी काटकी या साखळीचा शेवट असते.

यावर तयारी मे महिन्यातच करावयास हवी. वाळक्या फांद्या मेअखेर काढून कापांना मलम लावावे, म्हणजे पावसापूर्वी जखमा भरतात. पावसाळ्यात छाटणी करू नये. प्रत्येक ताजा काप म्हणजे रोगाला उघडे दार. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पाने काढून टाकावीत. बुंध्याभोवतीचा उन्हाळी पातेरा उचलून त्या जागी चिऱ्यांची बारीक खडी पसरावी. पावसाच्या थेंबाबरोबर उडणारी माती हेच खालच्या पानांपर्यंत रोग पोहोचण्याचे वाहन असते. ओट्याभोवतीचे गटार साफ करून पाणी अंगणाबाहेर जाते की नाही, हे पहिल्याच मोठ्या सरीत छत्री घेऊन प्रत्यक्ष पाहावे.

कुंड्या पडवीच्या किंवा बाल्कांवच्या कडेला, जेथे उजेड येतो पण सरी पोहोचत नाहीत अशा ठिकाणी हलवाव्यात. मात्र तेथे त्या कोरड्या पडतात हे विसरले जाते. बाहेर धो-धो पाऊस कोसळत असताना पडवीतील गुलाब तहानेने सुकल्याची उदाहरणे आहेत. ओट्यावरील झाडांसाठी चार बांबूंवर पारदर्शक प्लास्टिकचे उतरते छप्पर, झाडाच्या वर दोन-तीन फूट उंच, करावे आणि चारही बाजू उघड्या ठेवाव्यात. झाप घातल्यास पाऊस अडतो पण उजेडही अडतो, म्हणून पारदर्शक आच्छादन श्रेयस्कर.

फवारणीसाठी कुळागरवाल्यांना काही नवे शिकावयास नको. सुपारीच्या कोळेरोगासाठी जे बोर्डो मिश्रण ते वापरतात, त्याच्या निम्म्या तीव्रतेचे मिश्रण गुलाबाला चालते, म्हणजे लिटरभर पाण्यास पाच ग्रॅम मोरचूद व पाच ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या मातीच्या वा प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावीत. लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात चकचकीत सुरी मिनिटभर बुडवावी. पात्यावर तांबूस थर आल्यास चुना कमी आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. पहिली फवारणी पावसापूर्वी आणि नंतर उघडीप मिळेल तेव्हा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने करावी. काही वाणांची कोवळी पाने या मिश्रणाने करपतात, म्हणून आधी एका फांदीवर फवारून चार दिवस वाट पाहावी. गळलेली पाने रोज वेचून पुरावीत. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु फवारणीइतकेच गुणकारी आहे.

किडींविषयी थोडक्यात. पहिल्या पावसानंतर रात्री हुमणीचे भुंगेरे पाने कुरतडतात. दिवा घेऊन हाताने वेचणे हा सर्वोत्तम उपाय. थंडीतील मावा साबणाच्या पाण्याने जातो. उन्हाळ्यातील लाल कोळी पानांच्या खालच्या बाजूवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारल्याने आटोक्यात राहतो. फांदीवरील खवले कीड स्पिरिटमध्ये भिजविलेल्या कापसाने पुसून काढावी. फुलकिड्यांसाठी निंबोळीचे तेल लिटरला पाच मिलिलिटर, थोड्या साबणासह, संध्याकाळी फवारावे. जुन्या बागकामाच्या पुस्तकांतून वाळवीसाठी बी. एच. सी. पावडर किंवा फोरेटचे दाणे घालण्याची शिफारस आढळते. बी. एच. सी. वर १९९७ पासून, तर फोरेटच्या वापरावर २०२० च्या अखेरपासून देशात बंदी आहे. घरात जुना साठा असल्यास तो वापरू नये, आणि विहिरीजवळ तर मुळीच उघडू नये. ज्या झाडांवर कसलेही कीटकनाशक वा बुरशीनाशक फवारले असेल, त्यांच्या पाकळ्या गुलकंदासाठी अथवा पानविड्यात घालू नयेत. गुलकंद करावयाचा असल्यास त्यासाठी एखादे झाड वेगळे राखून त्यावर काहीही फवारू नये.

शाळांपुढे पावसाळ्याइतकीच मोठी अडचण उन्हाळी सुटीची असते. डिसेंबरात फुललेली बाग मे महिन्यात पाण्यावाचून जाते, आणि राखणदार एकटा काय काय पाहणार? म्हणून शाळांनी गुलाब शक्यतो कुंड्यांतच लावावेत. सुटी लागण्याच्या दिवशी प्रत्येक कुंडीवर रंगाने क्रमांक घालून, वर्गातील ज्या मुलांची घरे शाळेजवळ आहेत व घरी विहीर किंवा नळ आहे त्यांच्याकडे एकेक कुंडी सोपवावी आणि वहीत पालकांची सही घ्यावी. कुंड्या शाळेत परत आणण्याची घाई करू नये. पडवी नसलेल्या शाळेच्या आवारापेक्षा घराचा बाल्कांव पावसाळ्यात गुलाबाला अधिक मानवतो; दसऱ्यानंतर, छाटणीच्या आधी, त्या परत मागवाव्यात.